क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) शेवटच्या दहा फुटांत विमान बाजूला सरकायलंय, काय करू?

लातूरची_लेक
नमस्कार सर्वांना. सेसना 152 या छोट्या विमानावर पायलटचं ट्रेनिंग चालू आहे, चाळीसेक तास झालेत. सकाळच्या सॉर्टीला (उड्डाणाला) काहीच त्रास नाही पण अकराच्या पुढं ऊन चढलं की वारा सुटतो आणि माझं लँडिंग बिघडतंच. परवा रनवे 27 होता (म्हणजे दिशा 270 अंश), टॉवरनं वारा सांगितला 230 अंशावरून 12 नॉट, गस्ट म्हणजे झोत 20. फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेत उतरत येताना, नाक वाऱ्याकडं ठेवून छान सरळ आले, पण फ्लेअरला (टेकायच्या आधी उतरणं मंद करताना) नाक सरळ केलं की विमान उजवीकडं सरकायला लागलं, चाकं चिरकली, टेकल्यावर हायसं वाटून हातातला कंट्रोल मध्यावर आणला तर डावा पंख उचलला आणि नाक डावीकडं वळलं. सर होते म्हणून सावरलं. रात्रभर तेच डोळ्यासमोर. सांगा ना कोणी नीट.

जुना_इन्स्ट्रक्टर
बेटा, आधी हिशोब कर. रनवे आणि वारा यात 40 अंशाचा फरक, म्हणजे वाऱ्याचे साधारण दोन-तृतीयांश आडवे लागतात. 12 चे 8 झाले, पण गस्टमध्ये 13. तुझ्या 152 च्या हँडबुकात दाखवलेला क्रॉसविंड आहे 12 नॉट. ती कायदेशीर मर्यादा नाही, टेस्ट पायलटनं तेवढ्यात उतरवून दाखवलं एवढाच अर्थ, पण चाळीस तासाच्या पोरीनं तो आकडा भिंत समजावा. एकटीनं त्या वाऱ्यात जायचंच नाही.

आता सरकण्याचं. नाक सरळ केलंस पण पंख झुकवला नाहीस, मग वारा नेणारच. डावीकडून वारा आहे तर डावा एलेरॉन दे (पंख झुकवणारी पंखावरची फळी), डावा पंख खाली जाऊ दे, आणि उजव्या रडरनं (पायानं चालणारं शेपटीचं सुकाणू) नाक सेंटरलाइनला, रनवेच्या मधल्या रेषेला धर. सरकणं थांबवतो पंख, नाक सरळ ठेवतो रडर, ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेव. डावं चाक आधी टेकेल, टेकू दे, तेच बरोबर. आणि टेकल्यावर एलेरॉन सोडायचा नाही, उलट वेग कमी होईल तसा वाढवत पूर्ण डावीकडं न्यायचा, कारण हवा मंदावली की एलेरॉनचा जोर कमी होतो पण वारा तेवढाच राहतो. तुझं सगळं तिथंच बिघडलं. शेपटीला वारा लागतो म्हणून नाक वाऱ्याकडं फिरतं, आपल्या वाड्यावरच्या पत्र्याच्या कोंबड्यासारखं.

गस्टचा फरक 8, त्याचा अर्धा म्हणजे 4 नॉट अप्रोच स्पीडमध्ये जास्त ठेव, पंखामागचे फ्लॅप कमी घे.

काळी_माती
सरांचं बरोबर हाय. मी पण तिकडचाच, धाराशिवचा, सेसना 172 वर असताना हेच भोगलंय. एक सांगतो, नांगरलेल्या काळ्या रानावरून फायनल असली की दुपारी विमान वर ढकललं जातं आणि पुढं ऊस आला की एकदम खाली बसतं, तेव्हा खालचं रान बघून आधीच थ्रॉटलवर हात तयार ठेवायचा. आमचे बाबा उपणताना वारा पडला की सूप धरून थांबायचे, झोत आला की मगच ओतायचे, लहानपणी बघून मला एवढं कळलं होतं की वारा एकसारखा कधी नसतो. पण लँडिंगमध्ये थांबायला जागा नाही म्हणून गो-अराऊंड, म्हणजे न उतरता परत वर जायचं. सेंटरलाइन हातात नाही वाटलं की फुल पॉवर, लाज नाही वाटू द्यायची.

आणि तुमच्या सरांना सांगून एक दिवस रनवेवरून पाच-दहा फुटावर न टेकता पूर्ण लांबी पंख झुकवून जाऊन या. मला दहा लँडिंगनी जे कळलं नव्हतं ते एका चकरेत कळलं.

लातूरची_लेक
सर, दादा, खूप आभार. काल सरांसोबत तशा दोन चकरा मारल्या. पहिल्या लँडिंगला गो-अराऊंड केला, दुसऱ्याला डावं चाक एकटं टेकलं आणि मी एलेरॉन धरून ठेवला, शेवटपर्यंत. फक्त नाकाचं चाक टेकताना उजवीकडं झटका बसला.

जुना_इन्स्ट्रक्टर
तो झटका रडरचा. हवेत नाकाच्या चाकाचा स्ट्रट (दबणारा दांडा) लांबलेला असतो तेव्हा चाक मध्यावर लॉक असतं, जमिनीवर दबला की स्टिअरिंग जोडलं जातं, आणि तुझा पाय अजून उजवीकडं दाबलेला होता. नाक खाली येताना रडर मध्यावर आणत जा. टॅक्सीतही ढिलाई नको: वारा मागून-बाजूनं असला की एलेरॉन वाऱ्यापासून उलट बाजूला आणि कंट्रोल पुढं, नाहीतर उचलला जातो पंख.