मदत हवी आहे: बडोद्यातल्या घरांच्या दलालीला नवं वळण कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आमचं घरं विकण्या-भाड्याने देण्याचं काम आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. पूर्वी ओळखीतून गिऱ्हाईक यायचं. आता वासणा-भायलीकडे फ्लॅट बघणारी तरुण मंडळी फोटो, भाव सगळं मोबाइलवर बघूनच येतात आणि सरळ विचारतात, "मग तुम्हाला दलाली कशाची द्यायची?" प्रश्न रास्त आहे.

माझ्या मते आमचं खरं काम आता कागदांचं आहे. रेराचा, म्हणजे बिल्डर-दलालांवर नियंत्रण ठेवणारा, २०१६ चा कायदा सांगतो की नोंदणीकृत बानाखत (विक्रीचा करार) झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तरी लोक नुसत्या पावतीवर मोठी रक्कम देऊन बसतात. सुपर बिल्टअपचा (जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरून मोजलेल्या जागेचा) भाव ऐकून कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा किती, हेही विचारत नाहीत. पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेल्यांना तर गुजराती दस्तावेज वाचताच येत नाही. त्यांना प्रत्येक पान मराठीत समजावणारं कुणीतरी हवंच. हे काम मला मनापासून करायचं आहे.

अडचण पैशांची. कागद तपासण्याची वेगळी ठरावीक फी घ्यावी, की ती दलालीतच धरावी? सौदा मोडला तर त्या मेहनतीचं काय? आणि विकणारा-घेणारा दोघांकडून दलाली घेण्याची रीत सोडून एकाच बाजूने काम केलं, तर धंदा टिकतो का?

इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, कुठेही हे करून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. गिऱ्हाइकाशी करायच्या लेखी कराराचा नमुना असेल तर फारच उपयोग होईल.