विषय: मुंबईत बालवाडी काढायची आहे, परवाना नक्की कुणाकडे?

प्रेषक: मीनल (एडिसन)

नमस्कार मंडळी,

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मुलुंडला कायमचे परत जातोय. इथे डे-केअरमध्ये ग्रुप टीचर म्हणून माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तिकडे स्वतःची बालवाडी काढावी असं डोक्यात आहे. सुरुवातीला चाळीसेक मुलं, जास्त नाहीत.

इथलं गणित मला पाठ आहे. सहा किंवा त्याहून जास्त मुलं सांभाळायची तर न्यू जर्सीच्या ऑफिस ऑफ लायसन्सिंगचा परवाना लागतो, तो तीन वर्षं चालतो. अडीच ते चार वर्षांची मुलं असतील तर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, चार वर्षांच्यांना बारांमागे एक. मुंबईत याचं काय? माझ्या दिरांनी एका कार्यालयात विचारलं तर त्यांनी दुसरीकडे धाडलं, दुसऱ्यांनी तिसरीकडे. तिसऱ्या ठिकाणचे साहेब रजेवर होते. परवाना कोण देतं, शिक्षिका किती लागतात, त्यांचं शिक्षण काय हवं आणि माझं इथलं सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, म्हणजे लहान मुलांना सांभाळण्या-शिकवण्याचं) सर्टिफिकेट तिकडे चालेल का, एवढं कुणी सांगेल का?

मीनल

————

प्रेषक: नंदूकाका (पार्सिपनी)

मीनल, शिक्षणातलं मला कळत नाही, पैशातलं सांगतो.

फीवर जीएसटी नाही. पूर्वप्राथमिक शिक्षण करमुक्त सेवांमध्ये येतं. ऐकायला छान वाटतं, पण त्याची दुसरी बाजू बघ. तू जीएसटी गोळा करत नाहीस म्हणून तू भरलेल्या जीएसटीची वजावटही तुला मिळत नाही. फ्रँचायझी घेतलीस तर त्यांच्या रकमेवर 18 टक्के, आणि तो सगळा तुझ्याच खिशातून. फ्रँचायझीवाले गोड बोलताना हे सांगत नाहीत. ‘सगळ्या परवानग्या आम्ही बघतो’ असं म्हणाले तर कुठल्या ते कागदावर लिहून माग.

तुम्ही ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे कार्डधारक) असाल तर इथला पैसा कुठल्या खात्यातून तिकडच्या धंद्यात घालायचा, याचं आधी तिकडच्या सीएशी बोलून घ्या. स्वतःच्या नावाने किंवा भागीदारीत गुंतवता येतो, पण परत इकडे न आणण्याच्या अटीवर. कंपनी काढली तर हिशेब वेगळा.

काका

————

प्रेषक: शुभदा (मुलुंड पूर्व)

मीनल,

तिकडचं मंडळ सोडून इकडे आले तरी मंडळाची ही ई-मेल यादी सोडवत नाही, म्हणून तुझी मेल दिसली. मी इथे बालवाडी चालवते. दिरांना टोलवलं त्यात नवल काही नाही. तू जो एक परवाना शोधते आहेस, तसा एकच कागद इथे मिळत नाही. शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वर्षांचा. त्याखालच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकतं एवढंच त्याच्या कलम 11 मध्ये म्हटलं आहे. शाळेला मान्यता लागते ती पहिलीपासून. त्यामुळे तळमजल्यावरच्या दोन खोल्या रंगवून, भिंतीवर ससा-कासव काढून बालवाडी सुरू करणं आजवर फारसं अवघड नव्हतं. चांगल्यांचीही सोय झाली आणि वाईटांचीही.

आता चित्र थोडं बदलतंय. 2025 मध्ये शालेय शिक्षण विभागाने 3 ते 6 वर्षांच्या मुलांच्या खासगी केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. मुलं किती, जागा कशी, सोयी कोणत्या, कर्मचारी कोण, हे भरायचं. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, त्यामुळे ‘सरकारमान्य’ असा बोर्ड लावू नकोस. पण ती कर, पहिल्या दिवसापासून कर.

बाकीचे कागद वेगवेगळ्या दारांचे. जागा भाड्याची असेल तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा, आणि अकरा महिन्यांचा करू नकोस. लहान बेसिन, बुटके कमोड, खिडक्यांना जाळ्या यांत पैसे ओतायचे आणि अकराव्या महिन्यात मालकाचं भाडं वाढायचं! जागेचा वापर निवासी आहे की अनिवासी, हे महापालिकेच्या विभाग कार्यालयात आधी बघ. सोसायटीचा चेअरमन हसून ‘करा हो’ म्हणाला, यावर जाऊ नकोस. सर्वसाधारण सभेत ठराव करून घे. भांडण मुलांच्या आवाजावरून होत नाही, ते दुपारी साडेबाराला गेटवर उभ्या राहणाऱ्या रिक्षा आणि स्कूटरवरून होतं. गुमास्त्याचं, म्हणजे दुकाने-आस्थापना नोंदणीचं, काम सीए करून देतो. आगीची यंत्रणा लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासून फॉर्म ‘बी’ दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, तो 2006 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे. खाऊ स्वयंपाकघरात शिजवणार असशील तर अन्न परवान्याचंही बघ. मी शिजवत नाही, डबे घरून येतात.

आता माणसं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

केंद्र सरकारच्या 2013 च्या बालसंगोपन आणि शिक्षण धोरणात 3 ते 6 वयाला वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्यांना दहांमागे एक, असं प्रमाण आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची प्लेस्कूलसाठीची मार्गदर्शक तत्त्वं त्यापुढे जातात. वीस मुलांना एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी. तीन वर्षांच्या आतलं मूल घेऊ नये, दिवसाला तीन-चार तासच ठेवावं, असंही त्यात आहे. ही तत्त्वं आहेत, न्यू जर्सीसारखा इन्स्पेक्टर मोजायला येत नाही. पण बघ, वीसला दोघी म्हणजे दहाला एक. तुझाच तिकडचा आकडा! फरक इतकाच की तिकडे असिस्टंट मोजली जाते, आणि इथे ती ‘मावशी’ असते, जिला कुणी मोजत नाही.

मावशीचं नाव मस्टरवर नसतं. प्रशिक्षणाला ती नसते. पालकसभेत तिला चहा करायला सांगतात. आणि मुलांना शू-शीला नेणारी, उलटी पुसणारी, ओली चड्डी बदलणारी तीच. मूल सगळ्यात एकटं असतं ते हिच्याबरोबर. 2024 मध्ये शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं बदलापूरचं प्रकरण झालं, तेव्हा राज्यभर शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांचे आदेश निघाले. कॅमेरे लगेच लागले, कारण ते पालकांना दाखवता येतात. पण कॅमेरा बाथरूममध्ये लावता येत नाही. तिथे दुसरं माणूसच हवं.

माझ्याकडची पद्धत सांगते. एक मूल शूला गेलं तरी बाथरूमचं बाहेरचं दार उघडं, मावशी दारात, आणि पॅसेजमध्ये दुसऱ्या वर्गाच्या बाईंना ती दिसेल अशी. त्यासाठी मी पॅसेजमधलं कपाट हलवलं. पडताळणी सगळ्यांची: बाई, मावशी, झाडू मारणारे काका, रिक्षावाले. पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे. संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे मावशीलाही समजावून सांगितलेलं असावं, तिच्या भाषेत, सही घेऊन मोकळं व्हायचं नाही.

शिक्षणाचं म्हणशील तर बारावीनंतर दोन वर्षांचा पूर्वप्राथमिकचा डिप्लोमा हा एनसीटीईचा (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा) अभ्यासक्रम आहे. मुंबईत ईसीसीएड (बालसंगोपन-शिक्षणाचा कोर्स) केलेल्या मुली जास्त भेटतात. तुझ्या सीडीएकडे इथे कोणी कागद म्हणून बघणार नाही, पण दोन वर्षांचं मूल का चावतं हे तुला कळतं, ते पालकांना दहा मिनिटांत दिसेल. तसंही ही विद्या आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडकांनी दादरला शिशुविहार काढलं आणि पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, तेव्हा कुणी लायसन्स मागितलं नव्हतं. बाईंनी आधी शिक्षिका घडवल्या.

शुभदाताई

————

प्रेषक: प्रसाद (बॉस्टन)

ताई, पटतं सगळं. पण वीसला दोघी, वर बदलीची एक, सगळ्यांचे पगार नीट. मग फी किती होणार? मुलुंडमध्ये शेजारची बालवाडी तीस मुलं एका बाईवर चालवून निम्म्या फीत देत असेल, तर मीनलकडे कोण येईल? नियम नसतील तर बाजारच ठरवतो.

————

प्रेषक: शुभदा

प्रसाद, बाजार ठरवतो खरं, पण बाजाराला पॅसेज दिसत नाही. पालकाला बोर्ड, एसी आणि इंग्रजी दिसतं. त्याला पॅसेज दाखवणं हे आपलं काम. मी प्रवेशाच्या दिवशी पालकांना मावशीची ओळख नावानिशी करून देते. त्यानंतर फीवर घासाघीस कमी होते, असा माझा अनुभव.

पैसे वाचवायचे तर जागेत वाचव, माणसांत नको. केंद्राच्या मानकात तीस मुलांना 35 चौरस मीटरची खोली म्हटली आहे, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट, नुसती वर्गखोली. मुलुंडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तेवढा हॉल नसतो. मग तीस घेऊच नयेत. सकाळी वीस, दुपारी वीस अशा दोन पाळ्या लाव. त्याच दोघी दोन्ही पाळ्या करतात, मध्ये एक तास जेवायला आणि फरशी पुसायला. चाळीस मुलं झाली, खोली एकच, आणि वीसला दोघी हे प्रमाण कुठे मोडलं नाही.

बदलीची बाई मात्र चालत येण्याच्या अंतरावरची घे. जुलैत मध्य रेल्वे बंद पडली की ठाण्याच्या पलीकडून येणारी कुणीच पोहोचत नाही, आणि मुलं तर कोपऱ्यावरची, ती छत्र्या घेऊन दारात हजर!

————

प्रेषक: मीनल

ताई, काका, किती आभार मानू. दोन पाळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका: दोन-अडीच वर्षांच्यांसाठी पालक फार मागे लागतात म्हणे. घ्यावेत का?

————

प्रेषक: शुभदा

मागे लागतात, दोघं नोकरीला आणि आजी गावी. पण नर्सरीला 31 डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण हा राज्याचा हिशेब आहे, आणि त्याआतलं मूल घेतलंस तर दोघींवर वीस जमणार नाहीत. पहिलं वर्ष घेऊ नकोस. घ्यायचेच झाले तर वेगळी खोली, वेगळी मावशी, आणि बालवाडी म्हणून नाही, पाळणाघर म्हणून.

फेब्रुवारीत चक्कर मारतेयस ना? वर्ग चालू असतात. साडेनऊनंतर ये, त्याआधी रडारड असते आणि मला बोलता येत नाही. दिरांनाही आण, त्यांना पॅसेज दाखवते.