मदत हवी आहे: दोघांच्या घराला कॉस्टकोची मेंबरशिप परवडते का?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं नुकतेच न्यू जर्सीत एडिसनला राहायला आलोय. इथे जो भेटतो तो कॉस्टकोचं, म्हणजे वार्षिक फी भरणाऱ्या मेंबरांना मोठ्या पाकिटांत सामान विकणाऱ्या दुकानाचं, कार्ड काढायला सांगतो. सप्टेंबर 2024 पासून साधी मेंबरशिप वर्षाला 65 डॉलर आणि एक्झिक्युटिव्ह 130 डॉलर आहे. एक्झिक्युटिव्हला खरेदीवर 2 टक्के परत मिळतात, पण पेट्रोल त्यात धरत नाहीत. म्हणजे वरचे 65 डॉलर वसूल व्हायला वर्षाला 3,250 डॉलरची, महिन्याला साधारण 270 डॉलरची खरेदी हवी. दोघांचा तेवढा खर्च तिथे होणार नाही, त्यामुळे एक्झिक्युटिव्ह मी बाद केलंय. प्रश्न साध्या कार्डाचा आहे.

डाळी, पोहे, रवा, मसाले आम्ही देशी दुकानातूनच आणतो आणि ते बदलायचं नाही. मग राहतं काय? तांदूळ, बदाम-काजू, तुपासाठी बिनमिठाचं लोणी, दूध, टिश्यू, डिटर्जंट. अपार्टमेंट एका बेडरूमचं, फ्रीझर लहान. भाजीची एवढी मोठी पाकिटं दोघांत संपतात का? अन्न टाकून द्यायला मला अजिबात आवडत नाही.

पेट्रोलमध्ये फी निघते असं काही जण म्हणतात. आमची एकच गाडी, तीही फार चालत नाही.

लहान कुटुंबं असलेल्यांनी कृपया सांगा: तुम्ही तिथून नेमकं काय घेता आणि वर्षाअखेरीस फी खरंच सुटते का? कोणी सामान वाटून घेतं का?