दक्षिण इटली: बसमधल्या लांबच्या दिवसाचे अनुभव लिहा

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिसवर भरपूर लिहून झालंय. इथे नेपल्सच्या खालच्या इटलीबद्दल लिहा, तेही बसमधून दिसलेल्या. कार्यक्रमपत्रिकेत ज्या दिवसापुढे नुसतं ‘प्रवास’ लिहिलेलं असतं, तो दिवस. माझ्या मते दक्षिण खरी कळते ती त्याच दिवशी. सुरुवात मीच करते.

आम्ही रोमहून मातेराला निघालो. कासिनोजवळ डावीकडे डोंगरावर भलाथोरला मठ दिसला. 1944 च्या फेब्रुवारीत तो बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला, नंतर पुन्हा बांधला. त्याच डोंगरासाठी चौथी भारतीय डिव्हिजन लढली होती. टूर लीडरने माइकवर हे सांगितलं तेव्हा निम्मी बस घोरत होती. नेपल्स मागे टाकून पूर्वेला वळलो की घाट, बोगदे आणि डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्याच पवनचक्क्या. डोंगर उतरलं की एकदम सपाटी, नजर पोचेल तिथवर गहू. पास्त्याचा कडक गहू तो हाच. आम्ही जूनच्या अखेरीस गेलो, कापणी उरकली होती, नुसती पिवळी धसकटं. मातेराच्या गुहांच्या वस्तीत बस जातच नाही. वरच उतरवतात आणि पुढे दगडी पायऱ्या. मोठी बॅग बसमध्ये ठेवून एका रात्रीपुरती छोटी पिशवी वेगळी भरा, हे आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं!

—

मी ग्रुप घेऊन जातो, म्हणून दुसरी बाजू. “ड्रायव्हर परत का थांबला?” हा प्रश्न रोजचा. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती सक्तीची. दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच दहा. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवतं, पोलीस तपासतात, दंड होतो. तिथे ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ चालत नाही. वर रात्रीची विश्रांतीही ठरलेली, त्यामुळे सकाळी नाश्त्याला अर्धा तास रेंगाळलात तर तो अर्धा तास संध्याकाळच्या भटकंतीतून जातो. पुढच्या वेळी बसमध्ये सगळ्यात शेवटी चढणाऱ्या काकांना हे वाचून दाखवा.

—

स्टुटगार्टला असतो, आईबाबांना घेऊन गेलो होतो. हायवेवरच्या ऑटोग्रिलमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यांवर, बहुतेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती घेऊन कॉफीच्या काउंटरवर. आपली मंडळी थेट काउंटरवर गर्दी करतात आणि “आपल्याकडे बघतच नाही” म्हणून चिडतात. बाहेर पडायची वाटही अख्ख्या दुकानातून फिरवून आणतात. टांगलेल्या डुकराच्या तंगड्यांखालून आई पदर नाकाला लावून गेली.

पण बारीजवळ तिला ‘फावे ए चिकोरिया’ मिळालं. वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट वरण, शेजारी शिजवलेली कडवट पालेभाजी, वरून ऑलिव्ह तेल. पिठल्यासारखं लागतं म्हणाली आणि पुन्हा मागून घेतलं.

—

इटलीच्या टाचेत, लेच्चे शहराच्या खाली गेलात तर खिडकीत बसा. मैलोन्‌मैल वाळलेली ऑलिव्हची झाडं, पांढुरकी पडलेली. 2013 मध्ये तिथे झाडं वाळवणारा ‘झायलेला’ नावाचा जिवाणू सापडला आणि नंतर तो पसरत गेला. ब्रोशरमध्ये अर्थातच हिरव्या बागा.

—

सालेर्नोहून सिसिली. कालाब्रियाचा हायवे म्हणजे बोगदा, पूल, बोगदा, पूल. पुढच्या सीटवरच्या काकू डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. टोल मात्र शून्य. व्हिला सान जोव्हान्नीला बस माणसांसकट फेरीच्या पोटात शिरते. खाली उतरून वर डेकवर जायचं, विसेक मिनिटांत मेसिना. फेरीवर आरान्चिनी मिळतात, भाताचे तळलेले गोळे. आत बहुधा गोमांसाचा किंवा डुकराचा खिमा असतो, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी डेकवर भडंग काढलं, लिंबू पिळून.

—

वरच्या काकूंची सून मी! रामरक्षा नव्हती, भीमरूपी होती. आणि ज्या कंपनीत सीट रोटेशन नाही तिच्याबरोबर जाऊ नका. आम्ही रोज चाकावरच्या सीटवर, एक कुटुंब रोज पुढे.