शब्दचर्चा : ‘परमार्थ’ की ‘आध्यात्मिक उद्दिष्ट’?

उपरा अनुवादक : एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेचे मराठी भाषांतर करीत आहे. कामाच्या धबडग्यातही जगण्याला काही अर्थ आणि दिशा कशी सापडावी, हा तिचा विषय. त्यासाठी मी ‘परमार्थ’ हा शब्द योजला होता. तपासनीसांनी तो खोडून ‘आध्यात्मिक उद्दिष्ट’ असे केले आणि परमार्थ म्हणजे दानधर्म, असा शेरा मारला. ‘उद्दिष्ट’ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर विक्री विभागाचा फळा येतो. आपले मत काय?

बोरू : दानधर्म ही हिंदीची छाया आहे. मराठीत परमार्थाची जोडी प्रपंचाशी लागते. ‘आधी प्रपंच करावा नेटका, मग घ्यावे परमार्थविवेका’ हे दासबोधातले वचन ज्याच्या कानावरून गेले आहे, त्याला परमार्थ म्हणजे देणगी असे कसे वाटेल?

कर्जत लोकल : वचन खरे, पण त्यातल्या ‘आधी’ आणि ‘मग’ यांनीच घोळ केला आहे. घराचे हप्ते फिटले, मुले मार्गी लागली की मग बघू, असाच त्याचा अर्थ आमच्याकडे लावला जातो.

बोरू : पुढची ओवी वाचावी. प्रपंच सोडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल, दोन्ही चालवाल तर विवेकी ठराल, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

कर्जत लोकल : मान्य. तरीही आमच्या डब्यातल्या भजनी मंडळात ‘परमार्थ’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. डब्याच्या पत्र्यावर ठेका धरायचा, टाळ वाजवायचे आणि उतरायची वेळ झाली की ते जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत टाकून कामावर जायचे, याला आम्ही ‘नेम’ म्हणतो. पुस्तिकेत तोच घालावा.

शुद्धमती : ‘नेम’ हे ‘नियम’चे झिजलेले रूप आहे. बोलण्यात शोभते, छापील मजकुरात ‘नियम’ लिहावे. शिवाय नियम म्हणजे शिस्त. मूळ प्रश्न हेतूचा आहे.

कर्जत लोकल : झिजलेले कसले? ‘नित्यनेम नामी ते प्राणी दुर्लभ’ हे हरिपाठातच आहे. आणि हेतूचे म्हणाल, तर नेम धरतात तो कशावर? नेमबाजाचाही नेम चुकतो आणि उपासकाचाही. शिस्त आणि रोख एकाच शब्दात मावत असताना ‘उद्दिष्टा’च्या दारात कशाला जायचे?

शुद्धमती : आणि ‘कशाचा काही नेम नाही’ म्हणतात, तो कोणता?

आजोळ : सर्वांची क्षमा मागून सांगतो, आमचे आजोबा ‘प्रपंच’ या शब्दातले ‘पंच’ म्हणजे पाच इंद्रिये, असे सांगत.

बोरू : ऐकायला गोड आहे, परंतु तिथला धातू ‘पसरणे’ या अर्थाचा आहे. प्रपंच म्हणजे पसारा. घरात पाहिले तरी पटते.

उपरा अनुवादक : आभारी आहे. मात्र त्याच पुस्तिकेत, एखादा दिवस उपासना राहून गेली तर मन खट्टू करू नये, असे वाक्य आहे. तिथे ‘नेमात खंड पडला’ म्हणावे की ‘खाडा झाला’?

शुद्धमती : खाडा दूधवाल्याच्या हिशेबात होतो. उपासनेत खंडच पडतो.

कर्जत लोकल : आमच्या मंडळात खाडाच होतो, आणि दुसऱ्या दिवशी खाडा करणाऱ्याने सर्वांना चहा पाजायचा असतो.

आजोळ : ‘खाडा’ आणि ‘खड्डा’ यांचे मूळ एकच असावे काय?