काजूचा हंगाम तोंडावर आणि बागेत मेलेलं माकड: गड्यांसाठी, घरासाठी काय तयारी करता?

बोंडूवाला
नमस्कार मंडळी. तिलारी खोऱ्यात आमची साडेचार एकर काजू. बेणणी उरकत आलीय. बी वेचायला सात बायका आणि दोन गडी येतील. हत्ती कमी होते म्हणून की काय, परवा बागेच्या वरच्या कडेला माकड मरून पडलेलं. मी पोचेपर्यंत एका गड्याने ते शेपटीला धरून ओहोळाकडे ओढत नेलंसुद्धा! आरोग्य केंद्रात आणि वनखात्याला फोन केला, त्यांची माणसं येऊन गेली.

2016 मध्ये आमच्याच तालुक्यात केर गावात माकडताप (गोचीड चावून होणारा ताप) निघाला, पुढच्या वर्षी बांद्याला. तेव्हा आठवडाभर सगळे तेल चोपडून फिरले, मग विसरले. बाबांचं म्हणणं, "जल्मापासून गोचडी काढतंव, आता खंयचो ताप?" गेल्या वर्षी मी चार जोड गमबूट आणले होते. मांगरात (शेतातल्या खोपीत) टांगलेत, पण वापरत कोणी नाही. एकात तर कोंबडीने अंडं घातलंय.

आरोग्य केंद्रातून डेपा तेलाच्या (गोचीड लांब ठेवायला अंगाला चोपडतात त्या) बाटल्या मिळतील. त्याशिवाय काय करायचं? घरी दोन लहान मुलं, चार गुरं. आणि कोणाला ताप आलाच तर?

काठाणीकरीण
पातेरा (पाचोळा) कुठे रचता ते आधी सांगा.

आमचं घर बांद्याच्या बाजूला. माझा नवरा शिलाई करतो. दिवाळीनंतर तो रानात पाऊल ठेवायला गेला नव्हता, तरी त्यालाच झाला. डॉक्टर विचारतायत, जंगलात कधी गेलात? जंगल आमच्याच घरी आलं होतं! गुरांखाली घालायला सासऱ्यांनी रानातला पातेरा आणून न्हाणीच्या मागे ढीग मारलेला, आणि नवरा रोज संध्याकाळी त्या ढिगाला टेकून फोनवर बोलायचा.

एकदम सणकून ताप भरला. कपाळात पहार मारल्यासारखं दुखतंय म्हणायचा. डोळे लाल. तिसऱ्या दिवशी चूळ भरली तर हिरड्यांतून रक्त. त्याआधी दुकानातून अंगदुखीची गोळी आणून दिली होती, त्यावरून डॉक्टरांची बोलणी खाल्ली. रक्तस्राव होऊ शकणाऱ्या तापात तसल्या गोळ्या चालत नाहीत, पॅरासिटामॉल तेवढी द्यायची. ताप उतरला, आम्ही देवीला नारळ दिला, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चढला. या खेपेला हात थरथरायचे. आता बरा आहे, पण पुढे दोन महिने सुईत दोरा मीच ओवून देत होते.

शेजारच्यांनी येणं बंद केलं ते वेगळंच. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, हे तुमच्या कामकरणींना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर ज्याला ताप येईल तो लपवेल.

निवृत्त आरोग्यसेवक
वहिनींनी मुद्द्याचं सांगितलं. थोडी भर घालतो.

हा विषाणू 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तुमचे बाबा जी गोचीड काढतात ती गुरांच्या अंगावरची, फुगलेली, दिसणारी. माणसाला बहुतेक चावतं ते तिचं पिल्लू, तिळाहून बारीक, आणि ते पाचोळ्यात असतं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही आणि त्या भागात गोचीड मारायची पावडर मारल्याशिवाय वेचणी नको. ज्याने ओढलं त्याच्याकडे लक्ष ठेवा. चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो.

तेल सकाळी एकदा लावून दिवस निघत नाही, दुपारी पुन्हा लावायचं. जेवायच्या आधी साबणाने हात. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ, मग मुलांना जवळ घ्यायचं. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, नखाने चिरडणं, काही नको. गुरांच्या औषधाचं पशुवैद्यकाला विचारा.

लशीची वाट बघू नका. कर्नाटकात जुनी लस होती, तिचा उपयोग फारसा होईना म्हणून बंद केली. नेमकं औषधही नाही. वेळेत रक्त तपासून माणूस दवाखान्यात सांभाळणं एवढंच हातात आहे.

पेडण्याचो गणपत
गमबुटाचो नाद सोड. चढणीक घसारतत त्येंतसून.

बोंडूवाला
सगळ्यांचे आभार. आमचाही पातेरा गोठ्याला लागूनच होता. काल तो खालच्या कुणग्यात नेला. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण शिलाईवाल्या दादांची गोष्ट वाचून दाखवल्यावर पहिली पाटी त्यांनीच उचलली.

रात्री गड्यांशी बोललो. तेलाच्या वासावरून कुरकुर होतीच. खरी अडचण वेगळी निघाली. एक काकी म्हणाल्या, "तापान घरी बसलंय तर हजेरी कोण देतलो?" मागच्या हंगामात दोघी अंगात ताप घेऊन बी वेचत होत्या, हे मला कालच कळलं. मग ठरवलं, ताप आला तर त्याच दिवशी केंद्रात रक्त द्यायचं, आणि त्या दिवसापासून चार दिवस पूर्ण हजेरी मी देणार. मांगराच्या दारामागे कॅलेंडर लावलंय. रोज कोण कुठल्या भागात वेचतंय ते त्यावर लिहायचं, म्हणजे डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर असेल.

माकड ओढणाऱ्याचा आज सहावा दिवस, अजून ठणठणीत आहे. रोज सकाळी त्याची बायको कपाळाला हात लावून बघते आणि मला मिस्ड कॉल देते. दोन मिस्ड कॉल आले तर गाडी घेऊन जायचं.

गणपतराव, बुटांचं पटलं. शिवाय ते 8 नंबरचे, बायकांच्या पायात राहत नाहीत. साडीच्या आत नवऱ्याची जुनी पॅन्ट आणि तिच्यावरून लांब पायमोजे, असं दोघींनी करून बघितलं. चालतंय म्हणाल्या. साटेली-भेडशीच्या बाजारात जाड सुती पायमोजे कोणाकडे स्वस्त मिळतील? अठरा जोड हवेत.