पीसीओएस (अंडाशय-हार्मोनचा त्रास) आहे, शुगर नॉर्मल पण इन्सुलिन जास्त. जीन टेस्ट करावी का? मदत हवी आहे

नमस्कार, मी चोपड्याची, वय 26, वजन 54 किलो. वजन मुद्दाम लिहिलंय कारण जो तो आधी तेच म्हणतो, बारीक हो.

पाळी अडीच-अडीच महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात आणि मानेवर काळा पट्टा आहे. आई म्हणायची, मळ शे तो, नीट घस. मी वर्षानुवर्षं घासला. जळगावच्या डॉक्टरांनी मान बघूनच सांगितलं की हा मळ नाही, इन्सुलिन जास्त झालं की कातडी अशी काळी नि जाड होते. मग तपासण्या केल्या, उपाशीपोटी शुगर 92 आणि इन्सुलिन 22, दोन्हीचा गुणाकार करून 405 ने भागलं तर 5 येतात, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी आणखी सोडतं आणि ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं, त्यात पाळी अडकते.

सासरी म्हणतात शेवभाजी अन् केळी बंद कर. अहो, जाऊबाई त्याच ताटातलं खातात, त्यांची तारीख चुकत नाही. माझ्या माहेरी मात्र आजीला शुगर, वडिलांना शुगर, आत्यालाही. आत्याला मूल झालं नाही, पाळीची तिचीही हीच तक्रार होती, बिचारीने जन्मभर बोल ऐकले. म्हणून वाचायला लागले. 2006 सालच्या हॉलंडमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात पीसीओएसमधला अनुवंशाचा वाटा साधारण 70 टक्के निघाला. इन्सुलिन रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर इन्सुलिन जिथे चिकटतं त्या जागेचा, आयएनएसआर जीन 19 नंबरच्या क्रोमोझोमवर असतो, त्याच्यातल्या बदलांचा पीसीओएसशी संबंध सापडलाय, डीईएनएनडी1ए नावाच्या दुसऱ्या जीनचाही सापडलाय. पण एकटा कुठला जीन दोषी नाही, बरेच जण थोडा थोडा हातभार लावतात.

आता एक लॅबवाले म्हणतात जीन पॅनल, म्हणजे बऱ्याच जीन्सची एकत्र तपासणी, करा, पैसे बरेच आहेत. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट काहीही आला तरी मेटफॉर्मिन (शरीराने इन्सुलिनला दाद द्यावी म्हणून देतात ती गोळी) आणि रोजचं चालणं तेच राहणार. मला डॉक्टरांचं पटतंय, तरी कुणी ही टेस्ट केली असेल तर सांगा, त्यानंतर औषधात काही फरक झाला का?

आणि खरी काळजी धाकट्या बहिणीची आहे, 15 वर्षांची. परवा माहेरी गेले तर मोरीत नारळाच्या शेंडीने मान घासत बसली होती, लालबुंद केलेली. तिचा हात धरला मी. जळगाव-धुळ्याकडे या वयाच्या मुलीशी नीट, न रागावता बोलणाऱ्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाई कुणाला माहीत आहेत का? आणि तिची आधी कोणती तपासणी करून घ्यावी?